कापरेकरांच्या संख्या आणि नऊंची रांग

बदनापूरला तुरीच्या बियाण्याची चौकशी केली की उत्तर आकड्यांत मिळते. सातशे अकरा म्हणजे पांढरी, सातशे सोळा म्हणजे लाल. जालना जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. तेथे निघालेल्या तुरीच्या वाणांना 'बी.डी.एन.' ही आद्याक्षरे आणि पुढे क्रमांक देतात. ७०८, ७११, ७१६ हे क्रमांक त्या भागातल्या शेतकऱ्याच्या तोंडी असतात.

मध्यंतरी बदनापूरच्या काही गणितशिक्षकांशी गप्पा मारण्याचा योग आला. आम्ही फळ्यावर ७०८, ७११, ७१६ असे लिहिले, पुढे प्रश्नचिन्ह काढले आणि शिष्यवृत्ती परीक्षेच्या थाटात विचारले, "पुढची संख्या कोणती?" क्षणभरात उत्तर आले, ७२३. फरक ३, ५ असा वाढत आहे, तेव्हा पुढचा फरक ७. एका बाईंनी आणखी नेटके सांगितले: ७०७ मध्ये अनुक्रमे १, ४, ९ मिळवले आहेत, आता १६ मिळवायचे. मागे बसलेले एक गुरुजी मात्र हसत होते. त्यांची स्वतःची शेती आहे. ते म्हणाले, "सर, तुमचं सातशे तेवीस कुठल्याच दुकानात मिळणार नाही. नंतरचं वाण गोदावरी. दोन हजार तेरा, एक्केचाळीस." बी.डी.एन. २०१३-४१ हे त्या वाणाचे खरे नाव आहे.

गुरुजींचे उत्तर चूक होते असे कोण म्हणेल? आणि बाईंचेही चूक नव्हते. चूक प्रश्नात होती. तीन-चार संख्या लिहून पुढे टिंबे दिली म्हणजे क्रमिका झाली असे आपण मानतो. क्रमिका नियमाने होते. दिलेल्या कोणत्याही तीन संख्यांपुढे हवी ती चौथी संख्या बसवणारे सूत्र लिहिता येते. परीक्षेत ज्याला गुण मिळतात तो परीक्षकाच्या मनातला नियम ओळखतो, आणि ज्याला दुसराच, कदाचित अधिक खोल नियम दिसतो त्याच्या उत्तरपत्रिकेवर फुली पडते. आमच्या परिचयाच्या एका मुलाच्या बाबतीत हे झालेले आम्ही पाहिले आहे. शाळेचे नाव महत्त्वाचे नाही. तशा शाळा सर्वत्र आहेत.

या पार्श्वभूमीवर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे काम पुन्हा तपासून पाहावे असे आम्हांला वाटले. कारण आपल्या मुलखात क्रमिकांचा एवढा छंद दुसऱ्या कोणी केलेला नाही, आणि त्यांच्या क्रमिकांत नियम नेहमी उघड सांगितलेला असतो. जन्म १९०५ साली डहाणूचा, शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक, १९२९ साली पदवी, आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तरकी. पदव्युत्तर शिक्षण नाही. १९८६ साली ते वारले. हयातीत देशातील अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. त्यांचे बरेचसे लेखन लहानसहान नियतकालिकांत किंवा स्वतःच छापलेल्या पुस्तिकांत आले. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. मग आपल्याकडेही कौतुक सुरू झाले. आज शालेय मासिकांत वर्षातून एकदा तरी ६१७४ वर लेख असतोच.

अवहेलना आणि कौतुक या दोन्हींत परीक्षण मात्र झाले नाही. आम्हांला ते येथे करायचे आहे.

क्षुल्लक ठरवणाऱ्यांची बाजू आधी पाहू. हार्डी या थोर इंग्रज गणितज्ञाने १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मपर पुस्तकात एक उदाहरण दिले आहे. चार अंकी संख्यांपैकी ८७१२ आणि ९८०१ या दोनच संख्या स्वतःच्या उलट लिहिलेल्या संख्येच्या पूर्ण पटीत आहेत (८७१२ = ४ × २१७८, ९८०१ = ९ × १०८९). हार्डींच्या मते वर्तमानपत्रातल्या कोड्यांच्या सदराला हे शोभते, गणितज्ञाला यात काही सापडत नाही. आक्षेपाचे मर्म असे की हे गुण संख्येचे नसून संख्या लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. आपल्याला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाच्या पायाने लिहितो. आठ बोटे असती तर हे सारे गुण नाहीसे झाले असते. याउलट ७११ चे अवयव पाडले तर ९ × ७९ हे उत्तर बोटांवर अवलंबून नाही. सर्वांत मोठा मूळ अवयव ७९ हा त्या संख्येच्या रक्तातला गुण आहे. नील स्लोन यांनी १९६४ पासून जमवायला घेतलेल्या आणि १९९६ पासून इंटरनेटवर असलेल्या पूर्णांक-क्रमिकांच्या कोशातही लेखनपद्धतीवर अवलंबून असणाऱ्या क्रमिकांना 'पाया' अशी वेगळी खूण लावतात. कापरेकरांच्या बहुतेक सगळ्या क्रमिकांवर ती खूण आहे.

आमचेही बरीच वर्षे हेच मत होते. ते बदलावे लागले. कसे, ते सांगण्यासाठी एकेक क्रमिका घ्यावी लागेल.

सर्वांत कमकुवत 'डेम्लो' संख्यांपासून आरंभ करू. मुंबईजवळच्या डोंबिवली स्थानकावर, ज्याला तेव्हा डेम्लो म्हणत, त्यांना ही कल्पना सुचली म्हणून हे नाव. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. दिसायला देखणे, पण उभा गुणाकार मांडला की एकांच्या ओळी जिन्यासारख्या सरकतात आणि बेरीज आपोआप तशी येते. दहा एक झाले की हातचा येतो आणि जिना मोडतो. येथे हार्डींचा आक्षेप पूर्ण लागू पडतो. तरी सहावीच्या वर्गात हातचा म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगले साधन आम्हांला माहीत नाही.

आता ६१७४. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. आलेल्या उत्तरावर तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेच राहते. लेखांत हे 'चमत्कार' म्हणून येते, खाली "तुम्हीही करून पाहा" अशी सूचना असते, आणि लेख संपतो. आमची पहिली तक्रार येथे आहे. मुलाने २१११ घेतले तर पहिली वजाबाकी ९९९ येते, पुढे ९९९ मधून ९९९ वजा करून तो शून्य सांगतो आणि गुरुजी म्हणतात, "चुकलास." तो चुकलेला नसतो. ०९९९ असे चार अंकांत लिहायचे हा नियम त्याला कोणी सांगितलेला नसतो. शून्य ठेवले की ८९९१, ८०८२, ८५३२ असे टप्पे घेत ६१७४ येते.

दुसरी तक्रार मोठी आहे. हा चमत्कार सिद्ध करायला आठवीचे बीजगणित पुरते, आणि तेच कोणी देत नाही. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड असे माना. वजाबाकी मांडली की उत्तर ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) येते. म्हणजे चारही अंक लक्षात ठेवायची गरज नाही. बाहेरचा फरक आणि आतला फरक एवढे दोन आकडे पुरतात. बाहेरचा फरक १ ते ९, आतला फरक शून्यापासून बाहेरच्या फरकापर्यंत. जोड्या मोजा: २ + ३ + ४ + … + १० = ५४. एकूण ९,९९० संख्या तपासण्याऐवजी ५४ जोड्या तपासल्या की सिद्धता पुरी झाली. चौपन्न मुलांच्या वर्गात प्रत्येकी एक जोडी! ६१७४ साठी बाहेरचा फरक ६ आणि आतला २, म्हणून ५९९४ + १८० = ६१७४; ती जोडी पुन्हा स्वतःकडेच येते.

आता बोटांचा आक्षेप. पाच बोटांच्या जगात, म्हणजे पाचच्या पायाने लिहिणाऱ्यांच्या जगात, काय होईल? फरकाच्या जोड्या फक्त १४ राहतात. आम्ही त्या सगळ्या हाताने तपासल्या. सगळ्या ३०३२ या संख्येपाशी येऊन थांबतात. (पाचच्या पायात ३३२० उणे ०२३३ बरोबर ३०३२; आपल्या लेखनात ४६० − ६८ = ३९२.) म्हणजे गुण नाहीसा झाला नाही, रूप बदलून राहिला. मग खरा गणिती प्रश्न उभा राहतो: असा विसावा कोणत्या पायांत मिळतो, कोणत्या पायांत नाही? हा प्रश्न हेल्मुट हासे यांनी प्रिचेट यांच्याबरोबर १९७८ साली सोडवला. विसाव्या शतकातील अव्वल संख्याशास्त्रज्ञांत हासे यांची गणना होते आणि त्या वेळी ते ऐंशीला टेकलेले होते. त्यांना जे क्षुल्लक वाटले नाही त्याला आपण क्षुल्लक म्हणताना जरा जपून बोलावे.

स्वयंभू संख्यांचे थोडक्यात. १५ मध्ये त्याचे अंक मिळवले तर १५ + १ + ५ = २१, म्हणून २१ ला १५ हा जनक आहे. ज्यांना जनक नाही अशा संख्या म्हणजे १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, … ९७, १०८, ११० वगैरे. देवळालीच्या नावानेही त्या ओळखल्या जातात. संख्यारेषेवर त्यांचे प्रमाण शून्याकडे झुकत नाही हे झानिएर या इटालियन गणितज्ञाने १९८२ साली सिद्ध केले. ते प्रमाण दहा टक्क्यांच्या किंचित खाली आहे. क्रमिका चांगली आहे, प्रश्न चांगला आहे, पण तिच्यातून बाहेर जाणारी वाट आम्हांला फार लांब जाताना दिसली नाही. हर्षद संख्यांविषयी (आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या) याहून वेगळे म्हणता येत नाही.

ज्या क्रमिकेने आमचे मत बदलले ती खुद्द कापरेकरांच्या नावाने ओळखली जाते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३. वर्ग उजवीकडून कापायचा, दोन तुकड्यांची बेरीज मूळ संख्या यायला हवी. प्रथमदर्शनी हे डेम्लोच्याच जातीचे वाटते. आकड्यांची कारागिरी, दुसरे काय?

पण समीकरण मांडून पाहा. संख्या क माना, तीन अंकी कापणी घ्या. डावा तुकडा ड, उजवा उ. क चा वर्ग = १००० ड + उ, आणि क = ड + उ. दुसरे पहिल्यातून वजा केले की

क × (क − १) = ९९९ × ड.

येथे थांबून जरा विचार करावा. क आणि क − १ या लागोपाठच्या संख्या, म्हणजे सहमूळ. एकही मूळ संख्या त्या दोघींना भागत नाही. ९९९ = २७ × ३७. तेव्हा २७ सगळाच्या सगळा एकीकडे जाणार आणि ३७ ही एकीकडे जाणार. वाटून घेता येत नाहीत. शक्यता चारच. दोन्ही क कडे गेले तर क = ९९९. दोन्ही क − १ कडे गेले तर क = १. २७ हा क कडे आणि ३७ हा क − १ कडे गेला तर अशी संख्या हवी की जिला २७ ने भाग जातो आणि ३७ ने भागल्यास बाकी १ उरते. ती २९७. उलट केले तर ७०३. पाचवी कापरेकर संख्या तीन अंकी कापणीत असणे शक्यच नाही. बाक्यांवरून संख्या शोधण्याची रीत म्हणजे आर्यभटाचा कुट्टक. आपल्याला ती परकी नाही. दोन अंकी कापणीत ९९ = ९ × ११, म्हणून ४५ आणि ५५. दोन्हींची बेरीज १०० आणि तिकडे २९७ + ७०३ = १००० का येते हे वाचकांनी स्वतः पाहावे.

अंकांच्या खेळाचा पडदा बाजूला झाला आणि मागे काय निघाले? नऊंच्या रांगेचे मूळ अवयव. ९९९९ = ९ × ११ × १०१; येथे तीन गट, म्हणून २ × २ × २ = ८ संख्या: १, २२२३, २७२८, ४९५०, ५०५०, ७२७२, ७७७७, ९९९९. (पहिलीचा मान नावापुरता.) सहा नऊ घेतले तर ९९९९९९ = २७ × ७ × ११ × १३ × ३७, पाच गट, म्हणून ३२. डग्लस इयानुच्ची यांनी २००० साली हा संबंध पूर्णपणे मांडला. कापरेकर संख्या शोधणे आणि नऊंच्या रांगेचे अवयव पाडणे ही एकाच कामाची दोन नावे आहेत.

आणि या कामातला अवघड भाग नेहमी सर्वांत मोठ्या मूळ अवयवाचा असतो. एक नऊपासून दहा नऊंपर्यंत तो अवयव असा बदलतो: ३, ११, ३७, १०१, २७१, ३७, ४६४९, १३७, ३३३६६७, ९०९१. ही क्रमिका पाहा! सहाव्या जागी ३७ वर घसरते, सातव्या जागी ४६४९ वर उडी, पुन्हा १३७, मग एकदम तीन लाखांवर. "पुढची संख्या कोणती" असे विचारून येथे कोणाचीही डाळ शिजणार नाही. तरीही तिच्यात कठोर शिस्त आहे. २७१ मधून १ वजा केला की ५ ने भाग जातो. ४६४९ मधून १ वजा केला की ७ ने. ३३३६६७ मधून १ वजा केला की ९ ने, ९०९१ मधून १ वजा केला की १० ने. सहाव्या जागेवरचा ३७ हा तिसऱ्या जागेवरून आलेला जुना पाहुणा. सहाव्या जागी नव्याने आलेले ७ आणि १३, त्यांनाही ही शिस्त लागू.

कारण सातवीच्या पुस्तकात आहे: आवर्ती दशांश अपूर्णांक. १/७ = ०.१४२८५७… येथे सहा अंकांची आवृत्ती, कारण ७ ने भाग जाणारी नऊंची पहिली रांग सहा नऊंची. १/३७ ची आवृत्ती तीन अंकी. १/२३९ ची सात अंकी. मूळ संख्येच्या आवृत्तीची लांबी ही त्या संख्येपेक्षा एकने कमी असलेल्या संख्येचा विभाजक असते, हा फर्माच्या प्रमेयाचा परिणाम (२ आणि ५ सोडून). म्हणून सात नऊंच्या रांगेत नव्याने येणारी मूळ संख्या ७ च्या पटीपेक्षा एकने मोठी, आणि विषम असल्याने १४ च्या पटीपेक्षा एकने मोठीच असली पाहिजे.

याचा उपयोग किती? ९ ने भागून ११११११११ नव्हे, सात एक असलेली ११११११११ मधली एक काडी काढलेली संख्या, ११११११११ ÷ १० चा पूर्णांक भाग म्हणा, म्हणजे ११,११,१११ उरते. तिचा अवयव शोधायला २, ३, ५, ७ पासून सुरुवात करायची नाही. १४ च्या पटीपेक्षा एकने मोठ्या मूळ संख्या घ्यायच्या: २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, २३९. आठव्या प्रयत्नाला भाग जातो आणि ४६४९ उरतो. ४६४९ मूळ आहे का? त्याचे वर्गमूळ ६८ च्या आसपास, आणि तिथपर्यंतच्या उमेदवार २९ आणि ४३ दोनच. त्या आधीच नापास झाल्या आहेत. काम संपले. आम्ही हे एका दहावीच्या मुलीला दाखवले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ६७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायला नको?" नको.

या शिस्तीतून एवढे नक्की होते की नऊंची रांग जितकी लांब, तिचा सर्वांत मोठा मूळ अवयव त्या लांबीपेक्षा मोठाच असतो, कारण प्रत्येक लांबीला निदान एक नवी मूळ संख्या येते (झिग्मोंडी, १८९२). पण किती मोठा? लांबीच्या पाचपट, शंभरपट, की हवा तितक्या पट? दोनच्या घातांतून एक वजा केलेल्या संख्यांविषयी हा प्रश्न पॉल एर्डिश यांनी १९६५ साली विचारला. गुणोत्तर अमर्याद वाढत जाते असा त्यांचा तर्क होता. कॅमेरॉन स्ट्युअर्ट यांनी त्यावर १९७० च्या दशकापासून काम केले. १९८१ सालचा त्यांचा एक महत्त्वाचा निबंध टी. एन. शोरी यांच्याबरोबरचा आहे, आणि शोरी हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. पूर्ण सिद्धता स्ट्युअर्ट यांना २०१३ साली मिळाली, आणि ती नऊंच्या रांगेलाही लागू पडते. त्याच संस्थेतील के. रामचंद्र यांनी १९६९ साली जवळजवळच्या संख्यांमध्ये मोठा मूळ अवयव असलेली संख्या सापडतेच या विषयावर लिहिले आणि त्यातून संशोधनाची एक शाखाच वाढली. देवळालीची शाळा आणि कुलाब्याची संस्था यांच्यात रेल्वेने काही तासांचे अंतर. गणिताचे अंतर त्याहून कमी होते, हे आपण कधी लिहिले नाही.

सर्वांत मोठ्या मूळ अवयवाची साधी क्रमिकाही वर्गात आणण्याजोगी आहे. २ पासून सुरुवात केली तर २, ३, २, ५, ३, ७, २, ३, ५, ११… अगदी विस्कळीत. पण प्रश्न बदलून पाहा: हा अवयव संख्येच्या वर्गमूळापेक्षा मोठा किती वेळा असतो? शंभरपर्यंत हाताने मोजता येते. उत्तर ६७. खूप पुढे गेल्यावर हे प्रमाण ०.६९३१ कडे, म्हणजे दोनच्या नैसर्गिक लॉगरिदमकडे जाते. विस्कळीत रांगेच्या पोटातून लॉगरिदम निघतो! अशा प्रमाणांचा सर्वसाधारण सिद्धांत डिकमन यांनी १९३० साली दिला. आपल्याकडे चौला आणि विजयराघवन यांनी १९४७ साली त्यावर निबंध लिहिला. बदनापूरच्या ७०८ ते ७१६ या नऊ संख्यांत सात संख्यांचा मोठा अवयव वर्गमूळापेक्षा मोठा आहे. उरलेल्या दोन ७१४ आणि ७१५. ७१४ = २ × ३ × ७ × १७ आणि ७१५ = ५ × ११ × १३. दोघींचा गुणाकार म्हणजे पहिल्या सात मूळ संख्यांचा गुणाकार, आणि दोघींच्या अवयवांची बेरीज २९. अमेरिकेत १९७४ साली बेसबॉलचा ७१४ चा विक्रम मोडून ७१५ झाला तेव्हा पोमरन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जोडीवर लेख लिहिला. पोमरन्स पुढे मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याच्या रीतींसाठी प्रसिद्ध झाले, आणि त्या रीतींचा पाया लहान मूळ अवयव असलेल्या अशा संख्यांवरच उभा आहे.

मग कापरेकरांवर काहीच ठपका नाही का? आहे. त्यांना निवड करता आली नाही. डेम्लो, हर्षद, स्वयंभू आणि वर्ग कापणाऱ्या संख्या यांच्याकडे ते सारख्याच ममतेने पाहत राहिले. कोणत्या बीजाला मूळ फुटेल आणि कोणते फुटाण्यासारखे नुसते उडेल याचा निवाडा त्यांच्या लेखनात होत नाही. पण तो निवाडा करणे ज्यांचे काम होते त्यांनी संपूर्ण टोपलीच बाजूला सारली. वर्गात बत्तीस वर्षे शिकवून उरलेल्या वेळात बियाणे गोळा करणाऱ्या माणसापेक्षा हा दोष विद्यापीठांत बसलेल्या आम्हां मंडळींचा अधिक आहे.

ज्यांना वर्गात करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी अकरा नऊंची रांग सुचवतो. ९ ने भागले की अकरा एकांची संख्या उरते. तिच्या अवयवाची उमेदवार संख्या २२ च्या पटीपेक्षा एकने मोठी हवी. पहिला अवयव २१६४९ आहे, पण तो मुलांना सांगू नये. तिथपर्यंत उमेदवार ९८४. चाळीस मुलांत वाटले तर प्रत्येकी पंचवीसच्या आत भागाकार, आणि उमेदवारांतल्या संयुक्त संख्या आधी गाळल्या तर त्याहून कमी. भाग गेल्यावर ५१३२३९ उरतो. तो मूळ आहे का हे पाहायला ७१६ पर्यंतचे उमेदवार पुरतात, आणि ते भागाकार पहिल्या फेरीत झालेलेच असतात. गट तीन, म्हणून अकरा अंकी कापणीच्या कापरेकर संख्या आठ. १ आणि अकरा नऊंची रांग सोडली तर उरलेल्या सहा कुट्टकाने काढाव्यात.